मला ही माती लागेल

राहुरीला शिकताना मी दोन वर्षं ज्या वसतिगृहात राहिलो, ते खरं तर परदेशी विद्यार्थ्यांसाठी बांधलेलं होतं. परदेशी विद्यार्थी पुरेसे आले नाहीत, तेव्हा रिकाम्या खोल्या आमच्यासारख्या शेवगाव-पाथर्डीकडच्या पोरांना दिल्या. खाली मुलं, वर मुली आणि स्वयंपाकघर सगळ्यांना मिळून एकच. घरी मी यातलं अर्धंच सांगितलं होतं. वरच्या मजल्याचा विषय आईपुढे कधी निघालाच नाही.

माझ्या शेजारच्या खोलीत कंबोडियाहून आलेले दोन भिक्खू राहायचे. थोरले पन्नाशी उलटलेले, फार कमी बोलणारे. ते नावाला कुठल्याशा पदविकेला होते, पण आले होते धाकट्याच्या सोबतीला. धाकटे माझ्याच वयाचे आणि माझ्याच वर्गात, मृदाशास्त्राच्या एम. एस्सी.ला. आम्ही सगळे त्यांना भंते म्हणायचो. ते मराठी पुस्तकातून शिकले नव्हते. शेतावर कामाला येणाऱ्या बायकांकडून शिकले, त्यामुळे त्या भगव्या चिवरातून ‘हाय’, ‘न्हाई’, ‘लई’ असं ऐकू आलं की वरच्या मुली तोंडावर ओढणी धरून हसायच्या. त्या हसल्या की भंतेंनाही आवडायचं.

सगळ्यांबरोबर राहायचं आणि आपलं वेगळेपण कोणाला टोचू द्यायचं नाही, हे त्यांना बरोबर जमलं होतं. बाराच्या आत जेवायचं, नंतर काही नाही. ओट्यावर झाकून ठेवलेलं अन्न आपण होऊन घ्यायचं नाही, कोणी तरी हातानं द्यायला हवं. मुलींपैकी कोणी द्यायला आली तर ते टेबलावर एक रुमाल पसरायचे, त्याचं टोक धरून बसायचे आणि ती ताट रुमालावर ठेवायची. पहिले आठ दिवस आम्ही टक लावून बघितलं. नंतर सकाळी साडेअकराला कोणीही हातातलं काम टाकून ‘भंतेंना दिलं का?’ असं विचारू लागलं. बहुतेक वेळा ताट मीच द्यायचो आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

मात्र एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. भिक्खूनं जमीन खणायची नाही, कारण तिच्यात जीव असतात. झाडाचं हिरवं पान तोडायचं नाही. आणि दुसऱ्याला ‘इथं खण’ असं सांगायचंही नाही. आपली गरज तेवढी बोलून दाखवायची, पुढचं समोरच्यानं ओळखायचं. माझ्या तोंडाला आवर नाही. मी त्यांना विचारलं, “भंते, शेतीचं शिकायला आलात आणि माती खणायची नाही? मग पोहायचा क्लास लावायचा आणि काठावर बसायचं, असंच झालं हे.”

ते हसले. त्यांच्या विहाराची जमीन आहे, गावातली माणसं ती कसतात. नवा कालवा आला आणि चार-पाच वर्षांत भातखाचरांत मीठ फुटलं. माणसं कामाला बाहेर निघून जायला लागली. कोणी तरी शिकून यावं म्हणून त्यांच्या गुरूंनी यांना पाठवलं होतं. “मला माती लागली तर भाऊ हाय की,” ते म्हणाले. भाऊ म्हणजे मी. मी हो म्हणालो.

दर पौर्णिमेला आणि अमावास्येला त्यांच्या खोलीतून पुटपुटल्यासारखा आवाज यायचा. आमच्या दोन खोल्यांमध्ये भिंत नव्हती, प्लायवूड होतं. एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की धाकटा थोरल्यासमोर उकिडवा बसतो, हात जोडतो आणि पंधरा दिवसांत कुठला नियम मोडला ते सांगतो. थोरला विचारतो, तुला दिसतंय का? धाकटा म्हणतो, दिसतंय. पुढं जपशील? जपेन. झालं.

“आणि या वसतिगृहात राहून तुम्ही असा कोणता मोठा नियम मोडता?” मी म्हणालो.

“मागल्या पंधरवड्यात कढीपत्ता तोडला,” ते गंभीरपणे म्हणाले. “तुमची फोडणी करपत हुती.”

ही गोष्ट मी जेवताना सगळ्यांना रंगवून सांगितली होती.

त्यांच्या प्रबंधाचा विषय त्यांच्या गावचाच होता. कालव्यापासून जसजसं लांब जावं तसतसं जमिनीतलं मीठ कसं बदलतं, ते बघायचं. मुळेच्या कालव्याकडेला एका बाईंचं शेत त्यासाठी मिळालं. बाई एकट्याच शेत बघायच्या, म्हणून थोरल्यांना बरोबर घेतल्याशिवाय भंते तिकडे जात नसत. गहू निघाल्यावर त्यांनी रानात छत्तीस ठिकाणी छोटे झेंडे रोवून घेतले, म्हणजे मीच रोवले. प्रत्येक झेंड्याजवळ वीतभर खोल खड्डा घ्यायचा, माती घमेल्यात मिसळायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत भरायची आणि चिठ्ठी लावायची. पहिल्या दिवशी आम्ही बारा झेंडे उरकले. भंते प्रत्येक झेंड्याजवळ उभे राहायचे आणि म्हणायचे, “मला ही माती लागेल.” मी खणायचो. बाराव्या खड्ड्यापर्यंत माझ्या हाताला फोड आले होते आणि त्या वाक्याचा मला मनातून वैताग आला होता. अरे, खण म्हण ना एकदा सरळ.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांना सणकून ताप भरला. भंते त्यांना घेऊन नगरला दवाखान्यात गेले. जाताना माझ्या दारात थांबले. “चोवीस हायती. मला लागतील,” एवढंच म्हणाले.

त्याच दिवशी वसतिगृहातली सगळी मंडळी मुळा धरणावर मासे खायला निघाली होती. वरच्या मुलीही येणार होत्या, आणि त्या आमच्याबरोबर पहिल्यांदाच कुठं येत होत्या. त्यांतल्या एकीनं मला आदल्या रात्री विचारलं होतं, तू येणार ना? माझ्या त्या वयात एवढं पुरेसं होतं.

मी शेतावर गेलो, नाही असं नाही. ऊन चढलं होतं. झेंडे पार कालव्यापर्यंत पसरलेले होते आणि घड्याळात साडेनऊ वाजले होते. विहिरीजवळच्या मोटरखोलीमागे कडुनिंबाखाली माती मऊ होती. मी तिथं एकच मोठा खड्डा घेतला आणि चोवीस पिशव्या भरल्या. चिठ्ठ्या मात्र नीट लिहिल्या, झेंड्यांच्या नंबराप्रमाणे. अर्ध्या तासात काम आटोपलं. धरणावरचे मासे फार छान होते हेही मला आठवतं, आणि त्याचाही मला राग येतो.

संध्याकाळी भंते परत आले, पिशव्या बघितल्या, माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, “सुखी व्हा, भाऊ.” हातावरचे फोड आदल्या दिवशीचे होते.

प्रयोगशाळेतून आकडे यायला तीन आठवडे लागले. पहिल्या बारा नमुन्यांत कालव्याच्या दिशेनं मीठ हळूहळू वाढत जात होतं, जसं वाढायला हवं तसं. उरलेल्या चोवीस नमुन्यांत कालव्यापासून हाताच्या अंतरावर असो की चारशे फुटांवर, एकच आकडा, तोही चांगल्या गोड जमिनीचा. मार्गदर्शक सरांनी वरवर बघितलं आणि ‘शेत बरं दिसतंय’ म्हणून लिहायला सांगितलं. भंतेंना आषाढी पौर्णिमेच्या आत घरी पोचायचं होतं. तेव्हा त्यांचा वर्षावास सुरू होतो आणि भिक्खूला तीन महिने एका जागी राहावं लागतं. त्याआधी प्रबंध दिला नाही तर पदवी नाही, कारण विहारानं दिलेली मुदत तिथंच संपत होती. ते आकडे तसेच लिहिले असते तर सगळं वेळेत झालं असतं.

ते संध्याकाळी स्वयंपाकघराच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसले. हातात आकड्यांचा कागद होता.

“भाऊ, ही माती कुठली?”

आवाजात राग नव्हता. तेव्हाच खरं बोललो असतो तर काय झालं असतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा खणलं असतं, बस. पण वरच्या दोघीतिघी आत कांदे चिरत होत्या आणि मला त्यांच्या देखत खोटं पडायचं नव्हतं. मी उसळलो. म्हणालो, “कुठली म्हणजे? तुम्ही सांगितलं होतं का कुठं खणायचं ते? एकदा तरी तोंडानं म्हणालात का, की इथं खण?”

ते कागदाची घडी घालू लागले. मग म्हणाले, “खरं हाय. मी सांगितलं न्हाई.”

ते उठून आत गेले. आत कांदे चिरणं थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. मी जिंकलो होतो आणि माझे कान तापले होते. मी त्यांच्या नियमानंच त्यांना बांधून मारलं होतं. आजवर मी बरंच खोटं बोललो असेन, पण इतकं नीच दुसरं काही बोललेलो नाही.

परीक्षा संपल्या आणि वसतिगृह निम्मं रिकामं झालं. मेच्या सुरुवातीला एका दुपारी मी मोटरसायकलवरून कालव्याच्या रस्त्यानं चाललो होतो. उजवीकडे ते शेत आलं. रानात भंते वाकून कुदळ चालवत होते. चीवर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, डोक्यावर ओला पंचा. त्यांना कुदळ धरता येत नव्हती, घाव वाकडा पडत होता. प्रत्येक ढेकूळ उचलून ते आधी निरखत होते, खाली काही जिवंत आहे का म्हणून. थोरले कडुनिंबाखाली छत्री घेऊन बसले होते, म्हणजे मी बुजवलेल्या खड्ड्याच्या शेजारीच.

मी थांबलो नाही. गाडीचा वेगही कमी केला नाही.

ते पाप त्या खड्ड्यापेक्षा मोठं, असं मला आता वाटतं. खड्डा घेतला तेव्हा मी आळशी होतो. रस्त्यावरून सरळ निघून गेलो तेव्हा मला सगळं कळत होतं.

तीन दिवसांनी मात्र राहवेना, म्हणून शेतावर गेलो. भंते नव्हते. झेंडे उपटून एका कडेला रचून ठेवलेले होते. बाई शेळीला पाला टाकत होत्या.

“म्हाराजांचं झालं का हो काम?” मी विचारलं.

“झालं की काल. तीन दिस खनत हुते उन्हात. मी म्हनलं, म्हाराज, तुमी नका खनू, गडी देते. तर म्हनले, न्हाई आजी. दुसऱ्यानं खनलेली माती कुठली ती मला कळत न्हाई.” बाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं. “तुमीच ना ते, पयल्या दिशी आल्तात त्ये? मग कुठं गेल्ता हो तुमी?”

“गावी,” मी म्हणालो. तेही खोटंच होतं.

त्या पौर्णिमेला मी मुद्दाम खोलीत बसून राहिलो. प्लायवूडपलीकडे भंतेंचा आवाज सुरू झाला. एरवी दोन मिनिटांत आटोपणारं ते त्या दिवशी लांबलं. मला शब्द कळत नव्हते, पण त्यांची वाक्यं कुठं थांबतात ते दीड वर्षात ओळखीचं झालं होतं. मग थोरल्यांचा प्रश्न आला. मग भंतेंचं उत्तर. माझ्या गुन्ह्याची कबुली ते माझ्या भिंतीपलीकडे उकिडवे बसून देत होते आणि मी पलंगावर पाय पसरून ती ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी ताट देताना मी सगळं सांगून टाकलं. खड्डा, मासे, मोटरसायकल, सगळं. ते ऐकून घेत होते. बारा वाजायला पंधरा मिनिटं होती, म्हणून मी म्हणालो, आधी जेवा. ते जेवले. मग म्हणाले, “मला म्हाईत हुतं. त्या मातीत लिंबोळीची टरफलं हुती. रानात लिंब एकच हाय.”

“मग मला का नाही बोललात?”

“मी इचारलं हुतं,” ते म्हणाले.

मी म्हणालो, तुमच्या त्या रीतीनं माझंही सांगणं ऐकून घ्या, मोकळा करा मला. त्यांनी मान हलवली. ते भिक्खूंचं आपसातलं असतं, भाऊचं ते ऐकू शकत नव्हते. “सरांना सांगा,” म्हणाले. “आकडे का बदलले, त्यांना कळलं पायजे.” मी हो म्हणालो. सरांना मी सांगितलं नाही. मला शिफारसपत्र हवं होतं.

भंतेंनी प्रबंध वेळेत दिला आणि ते आषाढीच्या आधी गेले. निरोपाला आम्ही सगळे फाटकापर्यंत गेलो. वरच्या मुली रडल्या. मी दोघांच्या बॅगा रिक्षात ठेवल्या.

आता मी शेवगावात माती तपासून देतो. शेतकरी बांधावरची, उकिरड्याजवळची, हाताला सापडेल ती माती पिशवीत भरून आणतात आणि मी त्यांच्यावर डाफरतो. कोठून आणली, किती ठिकाणची घेतली, खरं सांगा. लोक म्हणतात साहेब कडक आहे.

मागच्या वर्षी कामानिमित्त राहुरीला गेलो होतो, तेव्हा ग्रंथालयात भंतेंचा प्रबंध काढून बघितला. आभाराच्या पानावर त्यांचे गुरू होते, सर होते, त्या शेतातल्या बाई होत्या. सर्वांत शेवटी माझं नाव होतं. त्यापुढं लिहिलं होतं, की पहिले बारा नमुने यांनी खणून दिले.

उरलेल्या चोवीसांबद्दल पुढच्या वाक्यात होतं, ‘ते मी स्वतः खणले.’ खोटं लिहायचं नाही आणि कोणाला उघडंही पाडायचं नाही, म्हणून त्यांनी किती वेळ विचार करून ती दोन वाक्यं लिहिली असतील. समोर ग्रंथपाल बसल्या होत्या. मी पान मिटलं, पुन्हा उघडलं आणि ते बारा पुन्हा वाचले. दिसतंय, मी म्हणालो, पण विचारणारं तिथं कोणी नव्हतं.