टॅम्पिनीसमधला माझा मांडव

चांगी विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीत गोड गोळ्यांची वाटी ठेवलेली असते. पासपोर्ट द्यायचा आणि एक गोळी उचलायची. मी उचलली, तेवढ्यात आतल्या बाईंनी विचारलं, "कशासाठी आलात?"

"अंत्यसंस्काराच्या कामासाठी," मी खरं ते सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. "फार वाईट झालं," असं म्हणून त्यांनी वाटी पुन्हा माझ्यापुढे सरकवली. अंत्यसंस्कारांची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीत नवी संगणक प्रणाली बसवायला आलेय, हे सांगेपर्यंत मागच्या प्रवाशाला बोलावलं गेलं. दुसरी गोळी घेऊन मी सिंगापुरात शिरले.

ऑफिसांमध्ये टॅब्लेट ही वस्तू नवी होती, तेव्हाची ही गोष्ट. मी पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत होते. लोकांचं काम समजून घ्यायचं, त्याप्रमाणे प्रणाली करून घ्यायची, त्यांना शिकवायची आणि ती सुरू होईल त्या दिवशी त्यांच्या शेजारी उभं राहायचं, हे माझं काम.

उतरले टॅम्पिनीसला, मेधाकडे. ती माझी कॉलेजातली मैत्रीण. नवरा, मुलगी सई आणि ती सरकारी इमारतीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत. या इमारतींच्या तळाशी घरं नसतात. नुसत्या खांबांवर मोकळी जागा सोडलेली असते, तिला व्हॉइड डेक (इमारतीखालचा उघडा तळमजला) म्हणतात. तिथे म्हातारे पट मांडून बसतात, मलय कुटुंबांची लग्नं लागतात, आणि चिनी घरात कोणी गेलं की शवपेटी काही दिवस तिथेच ठेवतात. लोक भेटायला येतात, बसतात, जेवतात. त्यासाठी मांडव, गोल टेबलं आणि जेवण पुरवणारी ही कंपनी.

कंपनी होती वुडलँड्सला, बेटाच्या उत्तरेला, मलेशियात जाणाऱ्या जोहोरच्या पुलाजवळ. एमआरटी (तिथली मेट्रो) बदलत पोचेपर्यंत माझी झोप पूर्ण व्हायची. मालक मिस्टर क्वेक साठीचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. धंदा आजोबांपासूनचा आणि सगळा फोनवर चालणारा. जो जास्त आरडाओरडा करील त्याचा मांडव आधी लागायचा. त्याला ते कंटाळले होते.

"संगणकाने रांग लावायची," ते म्हणाले. "ती कोणालाही मोडता येता कामा नये. मलासुद्धा."

आम्ही तशीच केली. प्रणाली सुरू करायच्या तारखेपुढे मी फळ्यावर 'गो-लाइव्ह' असं लिहिलं, तेव्हा ते म्हणाले, "दुसरा शब्द मिळेल का? आमच्याकडे कोणी लाइव्ह होत नाही." मग 'शुभारंभ' या अर्थाचं काहीतरी चिनी अक्षरांत लिहिलं गेलं. तेही त्यांना पटलं नाही. शेवटी फळा पुसला.

चाचणीच्या दिवशी खरी अडचण आली. मृताचं नाव भरल्याशिवाय टॅब्लेटचा पडदा पुढे सरकत नव्हता आणि नाव द्यायला कोणी तयार नव्हतं. स्वतःचं नाही, नावडत्या नातेवाइकाचंही नाही. काल्पनिक नाव लिहू म्हटलं, तर हिशेब बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्या नावाचं कुठेतरी कोणीतरी असेलच ना."

म्हणून मी माझं नाव घातलं. वैशाली गोखले. पत्ता खरा लागत होता, तो मेधाच्या इमारतीचा दिला. फोटो ओळखपत्रावरचा. मिस्टर क्वेक अस्वस्थ झाले. "तुला चालेल?" त्यांनी दोनदा विचारलं. मग मला हॉकर सेंटरला (खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात) नेऊन बी हून (तांदळाच्या शेवया) आग्रह करकरून खायला घातल्या.

चाचणीतली नावं नंतर पुसायची होती. पुण्याला वाटलं सिंगापूर पुसेल, सिंगापूरला वाटलं पुणे.

प्रणाली सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होते. सई खिडकीत उभी होती. "मावशी, देअर इज अ टेंट डाउनस्टेअर्स लाह," ती तिथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. "विथ युअर फोटो."

आम्ही खाली धावलो. माणसं पांढरं कापड बांधत होती. गोल टेबलं लागली होती, त्यांवर शेंगदाण्यांच्या बशा. खांबापाशी पाटी होती, पाटीवर माझं नाव आणि हसरा फोटो.

मेधाने माझा दंड घट्ट धरला. "हे काय आहे?"

"चाचणी," मी म्हणाले.

मुकादमाच्या हातात टॅब्लेट होता. त्याने नम्रपणे विचारलं, "आपण घरच्या का?"

"मीच ती."

त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकला. मांडव काढा म्हटलं, तर म्हणाला, कार्य उरकल्याची नोंद झाल्याशिवाय काढता येत नाही, आणि नोंदीला नातेवाइकाची सही लागते. मी टॅब्लेट घेतला. नात्यांच्या यादीत पती होता, पत्नी होती, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण होते. 'स्वतः' नव्हतं.

मी मिस्टर क्वेक यांना फोन लावला. "मी वैशाली बोलतेय."

पलीकडून हळू आवाजात प्रश्न आला, "कुठून बोलतेस?"

ते वाटेतच होते. टॅक्सीतून उतरले ते हातात पांढरी फुलं घेऊन. डोळे लाल झालेले. "तूच शिकवलंस," ते म्हणाले. "पडद्यावर दिसेल ते खरं धरायचं, फोन करून विचारत बसायचं नाही. सकाळी तुझं नाव वाचलं. मी कोणाला विचारलं नाही." तोवर मला हसू आवरत नव्हतं. ते एकदम थांबलं.

तेवढ्यात मुकादमाने टॅब्लेटवरची रांग दाखवली. माझ्यानंतर एक मिस्टर ओंग होते, पलीकडच्याच इमारतीतले. त्यांची शवपेटी दुपारी येणार होती आणि हा सोडून दुसरा मांडव शिल्लक नव्हता. त्यांच्या मुलीने ऑफिसात फोन केला होता. तिला सांगितलं गेलं, आधी मिस गोखले.

"तुम्ही मालक आहात, तोंडी हुकूम द्या," मी म्हटलं.

मिस्टर क्वेक कळवळून म्हणाले, "पहिल्याच दिवशी मी रांग मोडली, तर उद्यापासून सगळे पुन्हा मलाच फोन करतील."

"म्हणजे हिचं उरकल्याशिवाय त्यांना मिळणार नाही?" मेधाने विचारलं.

"नाही."

"मग हिचं उरकून टाकू," मेधा म्हणाली.

कोणी हसलं नाही. मिस्टर क्वेक यांनी फुलं पाटीसमोर ठेवली आणि हात जोडले. मुकादमाने आणि त्याच्या माणसांनी टोप्या काढल्या. मी कुठे उभं राहायचं ते कोणालाच ठरवता येईना, म्हणून मी लोकांच्या बाजूला उभी राहिले. शेजारी हुंदका ऐकू आला. मेधा खरंच रडत होती.

"अगं, मी इथेच आहे," मी कुजबुजले.

"माहितीये. तरी नाही बघवत."

तिने 'बहीण' निवडून सही केली. पडदा हिरवा झाला. मग आम्ही सगळेच भराभर खुर्च्या उचलायला लागलो.

मिस्टर ओंग यांची पेटी आली तेव्हा पलीकडच्या इमारतीखाली मांडवाची शेवटची दोरी बांधून होत होती. मी परत निघाले, पण मिस्टर ओंग यांच्या मुलीने मला बसवून घेतलं आणि खोक्यातला क्रिसँथेममचा चहा (शेवंतीच्या फुलांचा गोड थंड चहा) हातात दिला.

"तुम्ही बाबांना कशा ओळखता?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तोंडावर हात धरून हसायला लागली, हसता हसता तिने ते होक्कियनमध्ये (त्यांची घरची भाषा) काकांना सांगितलं, आणि अख्खं टेबल हसलं.

"बाबांना रांगेत कोणी पुढे घुसलेलं खपायचं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "पण तुम्ही मांडव वाहून आणलात. चालवून घेतील."

मी उठले तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं.

पुण्याला परतल्यावर आम्ही ती नोंद पुसायला घेतली. ती पुसली जाईना. उरकलेलं कार्य पुसता येऊ नये, हीही मिस्टर क्वेक यांचीच अट होती. तेव्हा तिकडच्या दप्तरी माझं सगळं रीतसर पार पडलेलं आहे. नवी प्रणाली कुठेही बसवायला जाते, तेव्हा अहवालात मी काय काय चुकू शकतं ते लिहिते. एखादा माणूस पडद्यावर विश्वास ठेवून फुलं घेऊन निघेल, हे कोणत्या मथळ्याखाली लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

काही आठवड्यांनी मेधाचा फोन आला. तिला कंपनीचा आपोआप निघालेला मेसेज आला होता: आपल्या बहिणीच्या कार्यात आमची सेवा कशी वाटली?

"पाचपैकी किती तारे देऊ?" तिने विचारलं.

"पाच दे," मी म्हटलं. "माणसं फार चांगली होती."