वाडीची तिसरी खेप

अस्मिता सरनोबत चोवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होती. पण हंगेरी नेमकी कुठं आहे, हे तिला घरात कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं काढून दाखवावं लागलं. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, चष्मा वर करून ते पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या लांबनं पोरगी यायची, आणि तिची आई तिकडं कशी ऱ्हायची गं?"

"जसा श्रेयस ब्राझीलला गेलाय आणि मी राहिले, तशीच," अस्मिता म्हणाली.

श्रेयस तिचा एकुलता एक मुलगा. दहावी झाल्यावर एका संस्थेमार्फत तो वर्षभरासाठी परदेशी शाळेत गेला होता. संस्थेची अट अशी, की आपलं पोर पाठवायचं तर परक्याचं पोर काही महिने घरी ठेवायचं. अस्मिताच्या वाट्याला आली ती रेका, हंगेरीची सतरा वर्षांची मुलगी. तिला कोल्हापुरात येऊन सहा महिने झाले होते. आधी ती ताराबाई पार्कात एका डॉक्टरांकडं राहिली, मग एका कारखानदारांकडं. फेब्रुवारीत ती कळंब्याच्या रस्त्यावरच्या या तीन खोल्यांच्या घरात आली. पहिल्या घरच्या बाईंना ती आई म्हणायची, दुसऱ्या घरच्यांना मम्मी. अस्मिता म्हणाली, "मला काकू म्हण, बास." माईंनी तिला पहिल्या दिवसापासून रेखाच करून टाकलं.

अस्मिताचा नवरा पृथ्वीराज वीज कार्यालयात होता. त्यानं पहिल्याच रात्री जेवताना जाहीर केलं, "पोरीला सगळं दाखवायचं. कोल्हापूरकर पाहुणचारात कमी पडले, असं नको व्हायला." आणि भात मागून घेतला. दाखवायचं कुणी, हे बोलायची गरज नव्हती. त्याची कंबर धरायची, त्यामुळं रविवारी तो घरीच असायचा.

अस्मिताचा दिवस पाचला सुरू व्हायचा. डबे, माईंच्या गुडघ्याला तेल, शाळा, परत येऊन स्वयंपाक, मग वह्या. रविवार एवढा एकच दिवस होता, जेव्हा दुपारी तासभर पाठ टेकता यायची. तो आता रेकाच्या नावावर गेला. पहिल्या रविवारी नवा राजवाडा आणि रंकाळ्यावरची भेळ. दुसऱ्या रविवारी स्कूटरवरून पन्हाळा. तीन दरवाज्याच्या सावलीत उभं राहून अस्मितानं वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. रेका मान डोलवत ऐकत राहिली. मग झुणका-भाकर झाली. रेकानं कुणी न सांगता ठेच्यावर दही ओतून घेतलं आणि डोळ्यांत पाणी न आणता खाल्लं. अस्मिताला वाटलं, त्यांच्याकडं मिरची पिकते म्हणतात, सवय असेल.

घरी तांबडा-पांढरा रस्सा दोनदा झाला. मिसळ तीनदा झाली. कोडोलीहून अस्मिताच्या भावजयीनं खास जेवायला बोलावलं, तिथं पुन्हा मटण. रेका ताटात वाढलेलं सगळं संपवायची, गृहपाठ संपवावा तसं, आणि स्वच्छ उच्चारात म्हणायची, "छान झालंय, काकू."

मार्च गेला. वार्षिक परीक्षेचे पेपर घरी आले. एप्रिलमधल्या एका शनिवारी अस्मिताच्या डोक्यात ठणका लागला होता, खांदे भरून आले होते. उद्या कुठं जायचं नाही, असं तिनं ठरवलंही होतं. तेवढ्यात श्रेयसचा फोन आला. त्याच्या तिकडच्या घरच्यांनी त्याला चार दिवस समुद्रावर नेलं होतं. मासे खाल्ले, होडीतून फिरवलं. तो भरभरून बोलत होता.

"तू पण तिला फिरवतीस न्हवं, आई?"

"फिरवते की," ती म्हणाली. आपल्या पोराला तिकडं कुणी परकी बाई एवढं जपतेय, आणि आपण एका रविवारचा कंटाळा करतोय, याची तिला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेकाला घेऊन नृसिंहवाडीच्या एसटीत बसली.

गाडी भरलेली होती. जयसिंगपूरपर्यंत दोघी उभ्याच होत्या. उन्हानं पत्रा तापला होता. वाडीत उतरल्यावर अस्मितानं रेकाला संगम दाखवला, कृष्णा कुठली आणि पंचगंगा कुठली ते सांगितलं. दर्शनाची रांग झाली. मग प्रसादाला कवठाची बर्फी घ्यायला दोघी एका दुकानात शिरल्या.

दुकानदार खोकं बांधता बांधता रेकाकडं बघून हसला. "काय पावणं, आलासा व्हय परत? ही तिसरी खेप की."

अस्मिताला कळेना. "तिसरी?"

"व्हय की, ताई. गणपतीच्या आदी डॉक्टरांच्या संगं आलत्या. मग डिसेंबरात ते मोठ्या गाडीवाले घिऊन आलते. एवढ्या उंच पोरीला इसरंल व्हय कोण? बासुंदी लय आवडती न्हवं तुमास्नी?"

रेकाचे कान लाल झाले. ती जमिनीकडं बघत म्हणाली, "हो, आवडते."

दोघी बाहेर येऊन घाटाच्या पायऱ्यांवर सावलीत बसल्या. राग येण्याइतकीही ताकद अस्मितात उरली नव्हती.

"पन्हाळा?" तिनं विचारलं.

"चार वेळा," रेका इंग्रजीत म्हणाली. दोघींचं बरंचसं बोलणं तसंच चालायचं. "एकदा शाळेची सहल होती."

"खिद्रापूर? जोतिबा?"

"दोन्ही. खिद्रापूर दोनदा."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

रेकानं बर्फीचं खोकं मांडीवर घेतलं. "निघताना आम्हाला सांगितलं होतं, नाही म्हणायचं नाही. घरच्यांना वाईट वाटतं. आणि तुम्ही इतक्या आनंदानं दाखवत होता."

"आनंदानं?" अस्मिता म्हणाली. "अगं, मी दमलीय. किती महिने झाले, मी नुसती दमलीय. पन्हाळ्यावर बोलताना माझं निम्मं लक्ष घरच्या गव्हाकडं होतं. निवडायचे राहिले होते."

रेका हळूच म्हणाली, "मी पण दमलीय, काकू. सगळे मला खायला घालतात आणि मी खाताना बघत बसतात."

अस्मितानं पिशवी डोक्याखाली घेतली आणि पायरीवर अंग टाकलं. पाचच मिनिटं, असं म्हणाली खरी, पण जागी झाली तेव्हा चार वाजून गेले होते. रेका शेजारी बसूनच होती. तिनं आपली ओढणी अस्मिताच्या तोंडावर उन्हाला आडवी धरली होती, आणि तिचं स्वतःचं नाक भाजून निघालं होतं.

परतीच्या गाडीत त्यांना जागा मिळाली.

पुढच्या शनिवारी पृथ्वीराजनं विचारलं, "उद्या कुठं दौरा?"

"कुठं न्हाय," अस्मिता म्हणाली.

"असं कसं? अजून दाजीपूर राहिलंय."

"तुम्ही घेऊन जावा की मग."

त्यानं पेपर उघडला आणि विषय तिथंच राहिला.

त्यानंतरचे रविवार साधे गेले. दुपारी अस्मिता झोपायची. रेका माईंपाशी बसून मेथी निवडायची. माई कोल्हापुरीत बोलायच्या, रेका हंगेरियनमध्ये, आणि भाजी निवडून व्हायची. जेवायला आमटी-भात असायचा. असा आमटी-भात आठ महिन्यांत कुणी वाढलाच नाही, असं रेका म्हणाली, कारण ती प्रत्येक घरात पाहुणी होती. एवढं सगळं असलं तरी अस्मिताचा थकवा गेला असं नाही. शाळा होती, पेपर होते, माईंचे गुडघे होते. फक्त खोटं हसून तिखट-गोड खाऊ घालत फिरायचं तेवढं संपलं.

मेच्या मध्यावर रेका निघाली. स्टेशनवर तिन्ही घरची माणसं आली होती. डॉक्टरांच्या बाईंनी अस्मिताला बाजूला घेऊन विचारलं, "वाडीला नेलंत ना हो तिला? आम्ही नेलं होतं, फार खूश होती."

"नेलं की," अस्मिता म्हणाली. रेका पलीकडं तोंड करून बॅगेचा पट्टा आवळत बसली. गाडी हलल्यावर अस्मिताला रडू आलं नाही. घरी येऊन रेकाची गादी गुंडाळताना मात्र आलं, थोडं.

जूनमध्ये श्रेयस परतला. आठवडाभर नातेवाईक येत राहिले. जुलैत संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. यंदा तैवानची एक मुलगी येतेय, तुमच्याबद्दल रेकानं फार चांगलं लिहिलंय, ठेवाल ना?

पृथ्वीराज समोरून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण.

"या वर्षी न्हाय जमायचं," अस्मिता म्हणाली.

"काही अडचण आहे का, मॅडम?"

"अडचण काही नाही. मी दमलीय," ती म्हणाली, आणि फोन ठेवून वह्यांकडं वळली.