अक्काचा निळा डबा

अक्काला जाऊन दीड महिना झाला. भाच्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो आणि सर्जापूर रोडवर गाडीत अडकलो होतो. माझी थोरली बहीण सुधा. जनावरांच्या लशी तयार करण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि तिच्यापाशी एक गोष्ट कबूल करायची माझी राहूनच गेली...

आम्ही निपाणीचे. घरच्या म्हशींशी अक्का माझ्यापेक्षा जास्त बोलायची. बंगळुरात शिकली, इथेच रमली. एक-दोन गायींवर घर चालवणाऱ्यांना परवडेल अशी लम्पीची लस करायचं तिने मनावर घेतलं होतं. गावांत तिची चाचणी सुरू असताना एका रविवारी अक्काच्या संशोधन संस्थेची जीप बंद पडली. अक्का आधीच चाचणीच्या गावात पोचलेली, म्हणून लशीचा निळा डबा तिथे न्यायचं काम माझ्याकडे आलं.

"रव्या, वाटेत उघडायचा नाही बघ," तिने फोनवर बजावलं. मी कसला ऐकतोय! जयनगरात डोसा खाल्ला आणि माझं पाणी गार राहावं म्हणून बर्फाच्या दोन पिशव्या काढून तिथे बाटल्या कोंबल्या. झाकण नीट बसलंच नाही. पोचेपर्यंत आत कोमट पाणी झालेलं. मी घाबरलो. गावाबाहेरच्या रसवंतीतून बर्फ घेतला, डबा भरला आणि साळसूदपणे तिच्या हातात दिला.

तीन महिन्यांनी त्या गावातल्या लक्ष्मक्काच्या गायीच्या अंगभर गाठी उठल्या. गाय गेली. "तुम्ही सुई दिली म्हणून मी निर्धास्त होते," एवढंच ती अक्काला कन्नडमध्ये म्हणाली. मी शेजारी मान खाली घालून उभा. परतताना अक्का म्हणाली, "लस कमी पडली. प्रवास सोसला नाही तिला." मग उन्हातही टिकणारी लस करायची म्हणून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. आजारपणातही प्रयोगशाळा सुटली नाही. ती लस अजून अर्धीच आहे... आणि मी मात्र दर भेटीत "स्वल्प बरं वाटतंय काय, अक्का?" एवढंच विचारून परत यायचो. भित्रा माणूस मी.

परवा जे. पी. नगरचं तिचं घर आवरताना तो डबा सापडला. झाकणाच्या आत तिच्या अक्षरातला सूचनांचा कागद चिकटवलेला होता. बर्फ किती घालावा, डबा सावलीत कसा ठेवावा, असं सगळं. शेवटची ओळ होती, 'प्यायच्या पाण्याच्या बाटल्या वेगळ्या पिशवीत न्याव्यात.'

त्या दिवशी माझी एक बाटली बर्फाखाली तशीच राहिली होती; लशी टोचून झाल्यावर डबा रिकामा करताना ती तिला सापडली असणार. म्हणजे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं, आणि तरी तिने लशीलाच दोष दिला.

डबा मी घरी आणला आहे. तो पुन्हा उघडायचं धाडस होत नाही.