आक्कांचा अंगठा

वकिली सोडली तेव्हा फायली ज्याच्या त्याला परत केल्या. किस्से न्यायला मात्र कोणी आलं नाही. ते माझ्याकडेच साठून राहिले.

नव्वदच्या दशकात बारामतीत माझं जमिनीच्या कागदांचं ऑफिस होतं. मी एलएल.एम. झालेला, त्यामुळे स्वतःवर विश्वास कमी. ‘टायटल क्लिअर’ लिहिण्याआधी ‘सकृद्दर्शनी’ घातल्याशिवाय मला झोप लागत नसे. आमचे दस्तलेखक शिंदे म्हणायचे, “साहेबांना स्वतःचा जन्मदाखला दिला, तरी लिहितील, सकृद्दर्शनी जन्मलेला दिसतो.”

*

खरेदीखत सहीआधी मोठ्यानं वाचायची आमची पद्धत. एक आबा शेत विकत होते. शिंदे वाचत होते, “झाड, झाडोरा, दगड, धोंडा, निधी, निक्षेपासह...”

“निधी म्हंजी?”

“जमिनीत पुरलेलं धन,” मी म्हणालो. “लिहायची जुनी रीत आहे.”

आबांनी पेन खाली ठेवलं. “वाईच थांबा. आदी खणून बगतो.”

पंधरवड्यानं आले. हाताला फोड.

“सापडलं काही?”

“न्हाय. म्हणून त्येवडं खोडा. नसल्यालं इकलं म्हणून माझ्यावरच केस व्हायची.”

*

लोणी भापकरच्या सोपानतात्यांना हायवेकडेची जमीन धाब्यासाठी भाड्यानं द्यायची होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला, “घरात काही वाद?”

“वाद घालाया बोलावं लागतंय, साहेब.”

सातबाऱ्यावर थोरल्या बहिणीचं, आक्कांचं नाव होतं. त्या इंदापूरला दिलेल्या. वडील गेल्यापासून दोघांचं बोलणं बंद. आक्कांनी हक्क सोडल्याशिवाय मी टायटल क्लिअर लिहिणार नव्हतो.

“तुमीच आणा की तिला,” तात्या म्हणाले.

“भावानंच जायचं असतं,” शिंदे म्हणाले. “साडी घेऊन.”

*

तात्या जीप घेऊन गेले, आक्कांना घेऊन आले. आक्कांनी अंगठा दाखवला. चिंधी बांधलेली. “भाकरी करताना भाजला.”

पुढच्या खेपेला अमावस्या निघाली. त्याच्या पुढच्या खेपेला मीच कागदात चूक काढली.

दर खेपेला तात्या कुरकुरत. “न्यायला गेलो की जेवल्याबिगर सोडत न्हाय.”

“दिसतंय,” शिंदे त्यांच्या पोटाकडे बघत म्हणाले.

*

शेवटी तो दिवस आला. अंगठा बरा, दिवस चांगला, कागद वाचून झाला. शिंद्यांनी शाईचं पॅड सरकवलं. आक्कांनी अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर तसाच अधांतरी धरला.

“सोपाना, ह्यो उटला की तू मग कशाला येतूस इंदापूरला?”

तात्या पंख्याकडे बघत बसले. मग उठून माझ्या कानाशी आले.

“साहेब, मागल्या येळी तुमी चूक काडली व्हती. आज बी काडा की एखादी.”

“आणि धाबेवाला?”

“थांबंल त्यो.”

त्या कागदाबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदाच कुठलीही शंका नव्हती. मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.