दक्षिण ध्रुव आणि अण्णांची कवळी

पुण्याहून निघून बंगळूर येईपर्यंत मी मांडीवरची पुडी खाली ठेवली नाही. तिच्यात दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रतळाचा चिमूटभर वाळवलेला गाळ होता. एका परदेशी जहाजाने काढलेला आणि आमच्या प्राध्यापकांनी हातापाया पडून मिळवलेला. त्याचं वय ठरलं तर माझी नोकरी कायम होणार होती, नाहीतर मी घरी.

वय ठरवणार होत्या बंगळूरच्या बसवनगुडी भागातल्या संशोधक यमुनाक्का (अक्का म्हणजे ताई); मी उतरलोही त्यांच्याच घरी. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. सारू (पातळ आमटी) वाढता वाढता त्यांनी मला समजावलं, "गाळात काचेसारख्या कवचांचे जीव असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. एकेक जात एकेका काळी संपली. कोणती सापडते ते बघितलं की वय कळतं."

जपणूक म्हणून मी आंघोळीलाही पुडी सोबत नेली, न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवली आणि तिथेच विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी धावत गेलो, तर कोनाड्यात नुसता कागद.

"मंजन बरं आहे हो तुमचं," यमुनाक्कांचे वडील अण्णा बाहेर येत म्हणाले. "स्वल्प (थोडं) खारट. पण कवळी बघा कशी लखलखते."

मला रडूच आलं. यमुनाक्का मात्र वडिलांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

"अण्णा, कवळी धुतलीत?"

"नळाला पाणी कुठे आलंय?"

"मग काढा ती."

"आज? शेजारी बारसं आहे. ओबट्टू (पुरणपोळी) आहे."

"काढा म्हणते ना."

कवळीच्या फटींत राखाडी लगदा होता. अण्णा ती नजरेआड होऊ देईनात, म्हणून यमुनाक्कांच्या प्रयोगशाळेत तेही आमच्याबरोबर जटक्यातून (टांग्यातून) आले, तोंडाला उपरणं लावून. यमुनाक्कांनी लगदा सुईने कोरला, आम्लात उकळला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"सापडली," त्या म्हणाल्या. "बंगळूरच्या पाण्यात ही मिळायची नाही. ही जात संपून लाखो वर्षं झाली. गाळ त्याहून जुना."

मी अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं. "सरी, सरी (बरं, बरं)," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "आता माझे दात द्या. पंगत बसली असेल."

परत पुण्यात प्राध्यापकांनी त्या लगद्याची काचपट्टी पाहिली आणि माझी पाठ थोपटली. "नोकरी पक्की तुमची. इतका स्वच्छ घासलेला नमुना मी पाहिला नाही. आता उत्तर ध्रुवाचा गाळ येतोय, तोही तुम्हीच तिकडे घेऊन जा."

ध्रुव त्यांनी पाहिलेला नाही, मीही नाही. त्याची चव ठाऊक असलेला माणूस तेवढा माझ्या ओळखीचा आहे. मी तडक बाजारात गेलो आणि अण्णांसाठी मंजनाची सगळ्यांत मोठी डबी घेतली.