यादवांची भाकर

अंबडच्या तहसील कचेरीत माझ्या ओळखीचे एक कारकून होते. दिवसा सातबारे उतरवायचे आणि उरल्या वेळात देवगिरीच्या यादवांवर कादंबरी लिहायचे. दर वाक्याला "बराबर?" विचारायचे, पण उत्तरासाठी थांबायचे नाहीत.

एकदा त्यांनी मला लढाईआधीचं जेवण वाचून दाखवलं. सैनिक भाकरीवर ठेचा घेऊन बसले होते. मी शाळेत इतिहास शिकवायचो. म्हटलं, "यादवांच्या काळी मिरची नव्हती हो. ती फार नंतर पोर्तुगीजांनी आणली."

त्यांचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतः मिरची सोडली. सैनिकाची जीभ कळल्याबिगर लिहावं कसं, बराबर? महिनाभर घरात मिऱ्याची आमटी शिजली. शेवटी त्यांच्या बायकोनं मला बाजारात गाठलं.

"गुरुजी, यादव त्यांच्या वहीत ऱ्हाऊ द्या की! मह्या चुलीवर कामून आणून बसवले?"

पुढच्या रविवारी ते दुरुस्त केलेलं प्रकरण घेऊन आले. शेवटचं पान वाचून त्यांनी वही मिटली.

"सगळे कामी आले, गुरुजी."

"लढाई आहे, माणसं मरणारच."

"मरणाचं काही न्हाई हो," ते डोळे पुसत म्हणाले. "पण बिचारे ठेचा न चाखताच गेले!"