निबियाच्या स्वयंपाकघरातला दिवा

आमच्या मोंतेविदेओतल्या गल्लीत दोन्या निबियाला (दोन्या म्हणजे आमच्याकडे 'बाईसाहेब') न घाबरणारा माणूस एकच होता, तो म्हणजे तिचा नवरा वॉशिंग्टन. तोही घाबरायचाच, पण बस दुरुस्तीच्या कामामुळे कानाने थोडा कमी ऐकायचा, त्यामुळे त्याच्या घाबरण्याला जरा उशीर व्हायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. निबिया मात्र ऐंशी ओलांडूनही ठणठणीत आहे. उंची दाराच्या कडीएवढी, आवाज बंदरातल्या भोंग्याएवढा.

तिने जन्मभर आमच्या क्लबच्या फुटबॉल संघाचे सदरे शिवले आणि धुतले. संघ हरला की पुढच्या आठवड्यात सदऱ्यावरचे आकडे तिरके यायचे. गोलरक्षकाचा तर एकदा तिने पाठीवरचा आकडाच काढून टाकला. म्हणाली, "याला आकडा कशाला? हा मोजण्यात येतोय कुठे?" त्या पोराने पुढच्या सामन्यात तीन चेंडू अडवले आणि मगच त्याला आकडा परत मिळाला.

तर अशा या बाईवर आमच्या गल्लीने एक अन्याय केला होता, आणि तो इतक्या शिस्तीने, इतक्या सभ्यपणे आणि इतकी वर्षं केला होता की तिला त्याचा पत्ताच नव्हता.

झालं असं, की लष्करशहांच्या शेवटच्या काळात त्यांच्या निषेधार्थ आम्ही भांडी वाजवली त्याला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे आठ वाजता साऱ्या गल्लीने दिवे मालवायचे आणि अंधारात उभं राहून पातेली, झारे, तवे जे हाताला लागेल ते बडवायचं. कोण बडवतंय ते शिपायांना दिसू नये म्हणून अंधार. आमच्या क्लबाचा अध्यक्ष मिल्टन बेंतांकुर याने ठरवलं की याचं प्रदर्शन भरवायचं. मिल्टन आयुष्यभर औषधाचं दुकान चालवून निवृत्त झालेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट तो दिवसातून तीनदा, जेवणानंतर सांगतो. मदतीला विद्यापीठातून हिमेना नावाची मुलगी आली. त्या काळाच्या आठवणी गोळा करणं हाच तिचा अभ्यास. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात 'माते' या आमच्या कडू पाल्याच्या चहाचा पेला, गळ्यात ध्वनिमुद्रणाचं यंत्र, अशी ती दारोदार फिरू लागली.

आणि आमची गल्ली बोलू लागली. गल्लीला बोलायला लावणं कठीण नाही, थांबवणं कठीण. पहिल्यांदा कोणी वाजवलं, असं हिमेनाने विचारलं की प्रत्येक घर म्हणे, आम्ही. बेकरीवाल्याने तर एक चकचकीत तवा आणून दिला. न चिकटणारा, काचेच्या झाकणाचा.

हिमेना नम्रपणे म्हणाली, "सेन्योर रुबेन, हे असं तेव्हा मिळत होतं?"

"हँडल नवीन बसवलंय," रुबेन म्हणाला.

पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. त्या रात्री मध्येच एक प्रचंड आवाज सुरू झाला होता. पातेल्यांच्या टणटणाटात तो वेगळाच, खोल, छातीत शिरणारा. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि पलंगाखाली होतो. मला वाटलं, रणगाडा आला. तो आवाज ऐकून गल्लीला जोर चढला, मग शेजारच्या गल्लीला, असं सगळे सांगत. आणि तो आवाज आपल्याच घरातून निघाला, हेही प्रत्येक जण सांगे. मिल्टनचा हक्क सर्वांत जुना. त्याच्या आईच्या दुधाच्या पातेल्यातून तो आवाज निघाला, असं तो पहिल्यापासून सांगत आला होता, आणि ते पातेलं प्रदर्शनात मधोमध, काचेच्या पेटीत ठेवलं होतं. त्यात फार तर चार माणसांचं दूध मावलं असतं.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात निबिया क्लबात आली, टेबलांवर घालायला शिवलेल्या चादरी घेऊन. भिंतीवर मोठा फलक लागला होता. चष्मा नाकावर सरकवून ती मोठ्याने वाचू लागली: "'त्या रात्री एक घर सोडून साऱ्या गल्लीने दिवे मालवले.' कुठलं घर?"

मिल्टनला एकाएकी छताचा पंखा नीट फिरतोय का ते पाहावंसं वाटलं. रुबेन आपल्या बुटांची ओळख करून घेऊ लागला.

"मिल्टन, तुला विचारतेय मी. कुठलं घर?"

"आता एवढ्या वर्षांनी, दोन्या निबिया, नाव कशाला..."

"नाव घातलं नाहीस म्हणून तर विचारतेय!"

शेवटी झुल्मा बोलली. झुल्मा निबियाच्या समोरच्या घरात राहते. दोघी रोज एकमेकींशी भांडतात आणि एखादा दिवस भांडण चुकलं तर एकमेकींची तब्येत विचारायला जातात.

"तुझं घर, निबिया. तुझ्या स्वयंपाकघरात दिवा होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. दिवा चालू म्हणजे घर लष्कराच्या बाजूचं, असंच सगळ्यांनी धरलं."

आता छप्पर उडणार, म्हणून मी खांबामागे सरकलो. पण निबिया खुर्ची ओढून बसली. तिने अगदी हळू विचारलं, "म्हणजे वॉशिंग्टनला तुम्ही पत्त्यांत भिडू घेत नव्हतात, ते यासाठी?"

आमचा पत्त्यांचा खेळ ट्रुको. त्यात भिडूला खुणा कराव्या लागतात. एक्का असला तर भुवई उडव, सत्ती असली तर ओठ मुरड. क्लबात वॉशिंग्टन रोज संध्याकाळी यायचा, टेबलांभोवती फिरायचा, आणि प्रत्येक टेबलावर नेमके चार जण आधीच बसलेले असायचे. लष्कर गेलं, निवडणुका आल्या, सरकारं बदलली, पण त्याच्यासाठी जागा काही झाली नाही.

"त्याला वाटायचं, आपल्याला खुणा जमत नाहीत," निबिया म्हणाली. "रोज सकाळी आरशासमोर उभा राहून भुवया उडवायचा. ओठ मुरडायचा. मला वाटलं, बाई ठेवली मेल्याने. दोन महिने मी त्याच्या मागावर होते. मरेपर्यंत सराव केला त्याने, जाड्या, मरेपर्यंत!"

हे शेवटचं मला उद्देशून होतं. गल्लीत मला जाड्याच म्हणतात. मी मान खाली घातली. पत्त्यांच्या टेबलावर मीही बसत होतो.

"पण दिवा का लावलात, दोन्या निबिया?" हिमेनाने विचारलं. गंमत अशी की चाळीस वर्षांत हा प्रश्न तिला प्रथमच कोणी तरी विचारत होतं.

"का म्हणजे? एकोणतीस तारीख होती!"

साऱ्या खोलीने एकदम 'अरे देवा' केलं. महिन्याच्या एकोणतीस तारखेला आमच्याकडे न्योकी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्या, करायच्याच. ताटाखाली पेसोची नोट ठेवून त्या खायच्या, म्हणजे पुढचा महिना भरभराटीचा जातो. राजवटी येतात जातात, एकोणतीस तारीख चुकत नाही. त्या रात्री गल्लीतल्या सगळ्यांनी लवकर जेवून घेतलं होतं. निबियाचे सदरे मात्र वाळायचे होते, म्हणून तिला उशीर झाला होता.

"सॉस शेगडीवर," ती सांगू लागली, "आणि हा ओरडतोय, निबिया, दिवा घालव! मी म्हटलं, अंधारात सॉस करपला तर तू खाशील? तर म्हणे, अगं, देश उठलाय! मी म्हटलं, उठू दे, जेवायला बसेल तेव्हा त्याला काय वाढू? मग म्हणे, निदान ते पातेलं तरी दे. घरात मोठं पातेलं एक, त्यात सॉस. मी म्हटलं, हात लावून बघ! तर चाकाचा पाना उचलला आणि गेला मागच्या अंगणात. सदरे धुवायचा माझा लोखंडी टप पालथा घातला आणि त्याच्यावर तुटून पडला. तुमचा तो मोठा आवाज म्हणजे आमचा टप!"

मिल्टनने घसा खाकरला. "दोन्या निबिया, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तो आवाज... म्हणजे पेटीत पातेलं आधीच..."

"चला," निबिया उठली. "सगळे चला. आणि तू, मिल्टन, सगळ्यांच्या पुढे चाल."

तिच्या मागच्या अंगणात तो टप होता. आम्ही सगळ्यांनी तो शेकडो वेळा पाहिला होता, पण टप म्हणून नाही. त्यात जिरेनियम लावलेले होते. असे लाल जिरेनियम साऱ्या वस्तीत नाहीत. प्रत्येकाच्या खिडकीतली फांदी तिथूनच गेलेली. आता कळलं, की त्या रात्रीच्या माराने टपाच्या बुडाला तडा गेला, पाणी राहीना, म्हणून तिने त्यात माती भरली होती.

"नको, दोन्या निबिया," हिमेना म्हणाली. "फुलं आलीत त्यांना. मी तुमच्या शब्दावर लिहीन."

"तू लिहिशील गं. हे लोक वाचणार नाहीत." आणि तिने पहिलं रोप मुळासकट उपटलं.

कोणी मदतीला पुढे झालं तर हात झटकून टाकी. सगळी रोपं भिंतीशी निजवली, माती ओतली. टप पालथा घालायला तेवढा तिने मला हात लावू दिला. मग पडवीतून वॉशिंग्टनचा पाना आणला.

"द्या, मी मारतो," मी म्हटलं.

"तुझ्याच्याने नाही व्हायचं, जाड्या. तुझं बायकोशी पटतं."

आणि तिने पाना हाणला.

मी आता पन्नाशीला टेकलो आहे, तरी क्षणभर पलंग शोधला. शेजारच्या अंगणातलं कुत्रं घरात पळालं. निबियाने आणखी दोन घाव घातले आणि थांबली. आवाज मात्र भिंतीभिंतीतून फिरत राहिला.

झुल्मा अंगणातल्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, "जरा घसा बसलाय. पण तोच आहे."

मग म्हणाली, "माझा भाऊ नेल्सन तेव्हा तुरुंगात होता. तुम्हांला ठाऊक आहे. मी पातेलं घेऊन खिडकीत उभी होते आणि माझा हात वर होईना. मला वाटायचं, मी वाजवलं तर तिथे त्याला मारतील. हा आवाज आला, तेव्हा हात वर झाला."

झुल्माने नाक पुसलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळाच हिशेब उमटू लागला.

"मिल्टन! त्या आवाजासाठी मी दर वर्षी तुला केक पाठवतेय!"

मिल्टन भिंतीला टेकला. औषधवाल्याचा सगळा रुबाब उतरला होता. "मी वाजवलं होतं, दोन्या झुल्मा. शपथेवर. फक्त... न्हाणीघरात वाजवलं. दार लावून."

"आणि?"

"नळ सोडून."

"मग केक का घेतलेस?"

"केक फार चांगले होते," मिल्टन अगदी मनापासून म्हणाला.

यानंतर हिमेनाची खरी पंचाईत झाली. तिचा सगळा अभ्यास संपत आला होता, आणि आता रोज कोणी ना कोणी तिला रस्त्यात गाठून म्हणे, मुली, माझ्या बोलण्यात एक बारीक दुरुस्ती आहे. रुबेनने सांगितलं की तो त्या रात्री सासुरवाडीला होता. एकाने सांगितलं, आपण वाजवलं खरं, पण पोळपाट वाजवला, म्हणजे आवाज फार जायला नको. हिमेना मात्र खूश होती. ती म्हणाली, शूर माणसांच्या आठवणी सगळीकडे सारख्याच असतात. न्हाणीघरातलं पातेलं फक्त याच गल्लीत मिळालं.

फलक नव्याने लिहायचा ठरला. मिल्टनने पश्चात्तापाच्या भरात मजकूर केला: 'वॉशिंग्टन आणि निबिया या शूर दांपत्याने खांद्याला खांदा लावून...' निबियाने तो तिथेच फाडला.

"कसला खांदा? मी सॉस ढवळत होते. तसंच लिही. टप त्याने वाजवला. आणि निम्मा राग वर्दीवाल्यांवर होता, निम्मा माझ्यावर. तेही लिही."

"ते कसं लिहायचं, दोन्या निबिया? पाहुणे येणार आहेत."

"त्यांना बायका नाहीत?"

तसंच लिहिलं. पेटीतलं पातेलं बाहेर आलं, त्याच्या जागी टप मावेना, म्हणून तो पेटीशिवाय जमिनीवरच पालथा ठेवला, शेजारी पाना. 'हात लावू नये' अशी पाटी मिल्टनने लावली आणि निबियाने काढली.

उद्घाटन एकोणतीस तारखेला ठेवलं. आठ वाजता आठवणीखातर साऱ्या गल्लीने दिवे मालवायचे, असं ठरलं. आदल्या दिवशी क्लबाची सगळी मंडळी निबियाच्या दारात उभी राहिली, प्रत्येकाच्या हातात आपापल्या खिडकीतली जिरेनियमची एक फांदी. मिल्टनने विनंती केली, की उद्या तेवढा स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवाल का.

"हे सांगायला एवढी माणसं?" ती म्हणाली. "एकोणतीस तारखेला माझा दिवा कधी बंद होता? फांद्या तिकडे बादलीत ठेवा. चिखलाचे पाय आत आणू नका."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता गल्ली काळोखात बुडाली. क्लबाच्या पायरीवर मिल्टन भाषणाचा कागद घेऊन उभा होता, पण अंधारात त्याला अक्षर दिसेना. आमच्या सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या होत्या. एकच पिवळी खिडकी, तीत वरखाली होणारं पांढरं डोकं, आणि टोमॅटोच्या सॉसचा वास थेट आमच्यापर्यंत.

तेवढ्यात खिडकी उघडली आणि बंदराचा भोंगा वाजला.

"जाड्या! ते भाषण झालं असेल तर ताटं मांडायला ये! आणि येताना नोटा आणा आपापल्या, माझ्याकडे एवढे सुटे नाहीत!"

टपाचा पहिला ठोका झुल्माने मारला. पण खरं सांगायचं तर तोवर निम्मी गल्ली खिडकीच्या दिशेने चालू लागली होती.